विंडोज १० गेलं, फोनलाही अपडेट नाही. मायक्रोसॉफ्ट, गुगल, ॲपल सोडून चौथं काही आहे का?

कृष्णाकाठ :

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या.

तर घरात एक लॅपटॉप आहे, २०१७ चा, आय ५ सातव्या पिढीचा, ८ जीबी रॅम आणि जुनी फिरणारी हार्ड डिस्क. चालतोय. हळू चालतोय पण चालतोय. ऑक्टोबर २०२५ पासून स्क्रीनवर सारखी पाटी येते की विंडोज १० चा सपोर्ट संपला, आणि ११ टाकायला गेलो तर म्हणे तुमचा प्रोसेसर बसत नाही. दुकानात घेऊन गेलो तर तिथला मुलगा वर न बघताच म्हणाला, सर नवीन घ्या. अहो पण याला झालंय काय? गोठ्याचं दार बदललं म्हणून धडधाकट बैल विकायचा होय?

फोनचं पण तेच. २०२१ ला घेतलेला, अपडेट येणं कधीच बंद झालंय, बॅटरी सोडली तर काही तक्रार नाही.

मुलगा म्हणतो बाबा मॅक घ्या. त्याची किंमत बघून मी चहा प्यायला उठलो. आणि मुद्दा नुसता पैशाचा नाही, कुठंही वळलं तरी मायक्रोसॉफ्ट, गुगल नाहीतर ॲपल, चौथं दारच नाही असं कसं? तर प्रश्न असा की या तिघांना टाळून माझ्यासारख्याला जगता येईल का. मी मराठी आणि इतिहास शिकवतो, कॉम्प्युटरमधलं मला टाईप करणं आणि प्रिंट काढणं एवढंच कळतं. गरजा सांगतो : बारा वर्षांच्या प्रश्नपत्रिका, त्या पण जुन्या फॉन्टमधल्या, युनिकोड नव्हे. बायको दोन दुकानांचे हिशेब टॅलीवर करते. यूपीआय. आणि शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप, तो काय मेल्याशिवाय सुटत नाही.

लॅमिंग्टनवाला :

सर, त्या दुकानातल्या पोराला नवीन विकायचाय, त्याचं पण पोट आहे. मी वीस वर्षं लॅपटॉप उघडतोय, तुमच्या मशिनला काहीही झालेलं नाही. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी लागते आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते, तुमचा सातवीचा आहे म्हणून दारातूनच परत पाठवलं, बाकी ताकद भरपूर आहे. तसं मायक्रोसॉफ्टने घरच्या लोकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या अपडेटची मुदत वाढवून दिलीय, पण त्यासाठी त्यांच्या खात्याने लॉगिन करावं लागतं. म्हणजे दोर सैल केला, सोडला नाही.

माझं ऐका. आधी एसएसडी टाका, म्हणजे न फिरणारी, चिपवाली वेगवान डिस्क. सध्या भाव चढलेत पण २५६ जीबीची पुरे. २०१७ च्या मशिनला बहुतेक डीव्हीडी ड्राईव्ह असेल, तो कोण वापरतं आता, तो काढून तिथे कॅडी (डिस्क बसवायची चौकट) बसवा, आणि जुनी हार्ड डिस्क त्या कॅडीत विंडोजसकट जशीच्या तशी. नव्या एसएसडीवर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटची खुली सिस्टीम. चालू करताना की दाबून ठरवायचं कुठून उठायचं. काहीच पुसलं जात नाही त्यामुळे घाबरायचं कारण नाही, आणि वहिनींची टॅली जिथल्या तिथे राहते.

मिंटच का, तर खाली डावीकडे मेनू, खाली पट्टी, घड्याळ कोपऱ्यात, म्हणजे तुम्हाला घर बदलल्यासारखं वाटणार नाही. मिंट २२ हे उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर बेतलंय, २०२९ पर्यंत अपडेट येतील, फुकट. ८ जीबीच्या पेनड्राईव्हवर फाईल उतरवून त्यावरूनच चालू करून बघता येतं, काही इन्स्टॉल न करता. तेवढ्यात वायफाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर सगळं तपासून घ्या आणि मगच हात घाला. प्रिंटर विसरू नका, लोक तिथेच रडतात.

भाऊ वर्धेकर :

काऊन बे, मास्तरला कशाला नादी लावून राह्यला? मी पण केलं होतं हे दहा वर्षांपूर्वी. पहिले आठ दिवस लई मजा, नवव्या दिवशी डिजिटल सिग्नेचरचं टोकन (ऑनलाईन सहीसाठीचा पेनड्राईव्हसारखा तुकडा) लावायचं होतं, माझ्या सीएने दोन तास डोकं लावलं आणि मग म्हणाला भाऊ विंडोजवाला घेऊन ये. टॅली लिनक्सवर नाही. पोराच्या परीक्षेचं सॉफ्टवेअर नाही. मुलीची शिष्यवृत्ती भरायची तर सायबर कॅफेत. मंग फुकट काय पडलं? माझा वेळ फुकट आहे का? हे सगळं पगारी लोकायचं चोचलं आहे. त्यापेक्षा आठव्या पिढीचा वापरलेला घ्या आणि विंडोज ११ टाकून सुखी राहा.

खोडरबर :

भाऊ, दहा वर्षांपूर्वीचं लिनक्स आणि आजचं यात फरक आहे हो. शिष्यवृत्तीचे फॉर्म आता ब्राउझरमध्येच भरले जातात, मी गेल्या वर्षी दोन पुतण्यांचे मिंटवरूनच भरले. टोकनचं मात्र खरं आहे तुमचं, ते अजूनही वैताग आहे.

सर, तुमच्या प्रश्नपत्रिकांबद्दल बोलते कारण माझा धंदाच तो, डीटीपी आणि भाषांतर, पुण्यात. तुमची खरी बेडी विंडोज नाहीच आहे, फॉन्ट आहे. श्रीलिपी काय, कृतिदेव काय, त्या जुन्या फॉन्टांत 'क' हा मुळात क नसतोच, इंग्रजीच्या एखाद्या अक्षराच्या किंवा चिन्हाच्या जागेवर काढलेलं क चं चित्र असतं ते. म्हणून फॉन्ट नसलेल्या मशिनवर तुमची सहामाही परीक्षा उघडली की मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखी दिसते. फॉन्टची फाईल लिनक्समध्ये टाकली की जुने कागद दिसतील आणि प्रिंटही होतील, पण त्यात नवीन टाईप करायचं तर ते सॉफ्टवेअर विंडोजचंच. त्यामुळे आज ना उद्या युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशिनवर तेच दिसणाऱ्या अक्षरांत, आणावंच लागेल, मग लॅपटॉप कोणताही असो. तुम्ही विंडोज ११ वर गेलात तरी.

फॉन्ट बदलून देणारे कन्व्हर्टर नेटवर मिळतात, पण डोळे झाकून भरवसा ठेवू नका. ऱ्हस्व वेलांटी जुन्या फॉन्टात अक्षराच्या आधी टाईप होते आणि युनिकोडमध्ये नंतर, रफाराचं बरोब्बर उलटं, तर 'कार्तिक', 'वार्षिक' असले शब्द आधी तपासा. 'वार्षिक परीक्षा' चं काय झालंय एवढं बघितलं तरी कन्व्हर्टरची लायकी कळते. माझा सल्ला, बाराही वर्षांचं एकदम करू नका. जी प्रश्नपत्रिका परत लागेल तेवढीच बदला, बाकीच्या पीडीएफ करून ठेवून द्या.

टायपिंगला मिंटमध्ये कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी शोधा, इनस्क्रिप्ट हा सरकारी मानक लेआउट आहेच, शिवाय कगप नावाचा फोनेटिक, म्हणजे उच्चाराप्रमाणे टाईप करायचा लेआउट आहे. (अवांतर : कगप म्हणजे कन्नड गणक परिषद. मराठी टाईप करायला कन्नड परिषदेचा लेआउट, सीमाभागातल्या लोकांनी कृपया वाद घालू नये.) फॉन्टसाठी 'एक टाईप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचा मुक्ता बघा, मुंबईतच बनलाय, खुला आहे, प्रश्नपत्रिकेला सुरेख दिसतो. आणि वर्डच्या जागी लिबर ऑफिस, त्यात वर्डची फाईल उघडते पण कोष्टकं कधीकधी सरकतात, म्हणून शाळेत पाठवताना पीडीएफच पाठवायची.

लॅमिंग्टनवाला :

भाऊंचा वापरलेल्या लॅपटॉपचा सल्ला वाईट नाही हां. थिंकपॅड टी ४८०, आठवी पिढी, कंपन्यांच्या लीजवरून परत आलेले ढिगाने येतात, बाहेरची बॅटरी एका खटक्यात निघते, रॅमचे दोन स्लॉट, स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलात तर घरी उघडता येतो. विंडोज पण चालतं लिनक्स पण चालतं. घेताना बायोसला (लॅपटॉप उठताना आधी चालतो त्या प्रोग्रॅमला) पासवर्ड नाही ना एवढं दुकानातच चालू करून बघा, कंपनीचं लॉक राहिलेलं असेल तर नंतर माझ्याकडे येऊन उपयोग नाही.

कीलची कोकणी :

उत्तर जर्मनीतून लिहितेय, आमच्याकडे सध्या हाच विषय आहे, फक्त सरकारी पातळीवर. मी राहते ते श्लेस्विग-होल्स्टाईन राज्य, त्यांनी २०२४ मध्ये ठरवलं की सरकारी कचेऱ्यांतल्या तीसेक हजार कॉम्प्युटरवरून मायक्रोसॉफ्टचं ऑफिस काढायचं आणि लिबर ऑफिस लावायचं, पुढे लिनक्स. ईमेल तर हलवून झालं. माझी शेजारीण एका कचेरीत आहे, ती रोज शिव्या घालते, जुन्या मॅक्रोच्या (आपोआप काम करणाऱ्या आज्ञा भरलेल्या) फाईली चालत नाहीत म्हणून. म्हणजे दुखतं ते तिथेच, आधी साठवून ठेवलेल्यात. आणि म्युनिकची गोष्ट पण सांगायला हवी, त्यांनी हे २००४ ला सुरू केलं, हजारो मशिनं बदलली आणि २०१७ ला परत विंडोजकडे जायचं ठरवलं. म्हणून मी कोणाला 'सोप्पं आहे' असं सांगत नाही.

आपल्याकडे याची गरज नाही असं वाटणाऱ्यांनी जुलै २०२५ आठवा. गुजरातेत वाडीनारला रिफायनरी असलेली नायरा एनर्जी, युरोपने निर्बंध लावले आणि मायक्रोसॉफ्टने त्यांच्या सेवा थांबवल्या, स्वतःचं ईमेल स्वतःला उघडेना, दिल्ली हायकोर्टात जावं लागलं तेव्हा परत चालू झालं. एवढ्या मोठ्या कंपनीची ही कथा.

माझ्याकडे फेअरफोन आहे, ॲमस्टरडॅमची कंपनी. बॅटरी नखाने निघते, स्क्रीन मी स्वतः बदलली, एक स्क्रू ड्रायव्हर पुरला. त्यावर गुगल काढून टाकलेली ई ओएस घालूनही मिळतो. पण भारतात ते विकत नाहीत, त्यामुळे सर तुम्हाला त्याचा उपयोग शून्य, उगाच जळवायला सांगितलं :)

बिनगुगल :

फोनचा कोणी मुद्दाच घेईना म्हणून मी घेतो. लॅपटॉप सोडवणं सोपं आहे, फोन सोडवणं महाकठीण, आणि कारण तांत्रिक कमी, बँक जास्त.

अँड्रॉइड मुळात खुलं आहे, ते कोणीही घेऊन आपलं बनवू शकतं. लिनिएज ओएस तसंच बनलेलं, त्याआधीचं तसलंच सायनोजेनमॉड बंद पडलं तेव्हा डिसेंबर २०१६ मध्ये त्याच्याच लोकांनी पुढे चालू केलं. तुमच्या २०२१ च्या फोनला ते असेल तर नवीन अपडेट मिळतील. मी टाकलं होतं. बूटलोडर, म्हणजे दुसरी सिस्टीम टाकू न देणारं फोनचं कुलूप, उघडताना फोन पूर्ण पुसला जातो, ते ठीक, संध्याकाळी बसून केलं, फोन लोण्यासारखा पळायला लागला. दुसऱ्या दिवशी दूधवाल्याला पैसे द्यायला यूपीआय उघडलं तर ॲप म्हणतं हे उपकरण सुरक्षित नाही. गंमत बघा, चार वर्षं अपडेट न आलेला फोन सुरक्षित, आणि गेल्या महिन्याचं अपडेट असलेला असुरक्षित! ॲप गुगलला विचारतं की हा फोन तुमच्या शिक्क्याचा आहे का, गुगल नाही म्हणालं की विषय संपला. दूधवाला म्हणाला उद्या द्या. असं तीन दिवस. चौथ्या दिवशी मी जुनं सॉफ्टवेअर परत टाकलं.

ग्राफीन ओएस सगळ्यात पक्कं म्हणतात, पण ते आत्तापर्यंत फक्त पिक्सेलवर चालत आलंय, म्हणजे गुगलपासून सुटायला गुगलचाच फोन घ्यायचा. देशी पर्याय म्हणाल तर जानेवारी २०२३ मध्ये आयआयटी मद्रासच्या लोकांनी भारओएस दाखवलं, मंत्र्यांनी फोन हातात धरून फोटो काढले, तेव्हापासून माझ्या ओळखीत एकाच्याही हातात मी तो बघितलेला नाही. त्यापेक्षा जिओफोन खरा, २०१७ चा, त्यातलं काय ओएस हे मोझिलाच्या फायरफॉक्स ओएस मधून आलेलं, आपल्या गावातल्या आज्यांनी नकळत चौथं दार वापरलं :)

आणि कोर्टकचेरीने काही होईल अशी आशा असेल तर, स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला १३३७.७६ कोटींचा दंड केलाय अँड्रॉइडच्याच बाबतीत. दुकानातला फोन बघा आणि सांगा मला फरक दिसतो का. उलट आता सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर, थायलंड इथे ज्या डेव्हलपरने गुगलकडे नोंदणी केलेली नाही त्याचं ॲप प्रमाणित फोनवर सरळ टाकता येणार नाही, २०२७ पासून बाकीच्यांची पाळी. एफ-ड्रॉइड या खुल्या ॲपच्या दुकानवाल्यांनी यावर बोंब ठोकली तेव्हा जाणकारांसाठी मागचं दार ठेवू म्हणाले, बघू.

तर सर, फोन आहे तसाच ठेवा, फक्त आतलं सामान बदला. एफ-ड्रॉइड टाका, त्यातून कीबोर्ड घ्या (आपण काय काय टाईप करतो ते बाहेर जायला नको, हेलीबोर्डमध्ये मराठी आहे), नकाशाला ऑरगॅनिक मॅप्स, घाटात रेंज नसली तरी चालतं. क्रोमच्या जागी फायरफॉक्स, त्यात जाहिराती अडवायचं यूब्लॉक फोनवर पण बसतं. मूळची ॲप निघत नाहीत पण सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतात. यूपीआयसाठी अगदीच हट्टाला पेटलात तर *९९# डायल करून पैसे जातात, नेट लागत नाही, स्मार्टफोन लागत नाही, एका वेळी पाच हजारांपर्यंत. मी एकदा करून बघितलं, मागे रांगेतल्या बाईंनी विचारलं भाऊ मनीऑर्डर करताय का.

भाऊ वर्धेकर :

हे घ्या. स्वतःच कबूल केलं, चौथ्या दिवशी परत. मी काय वेगळं म्हणत होतो?

खोडरबर :

भाऊ, फोनचं कबूल केलंय. लॅपटॉपचं नाही. केरळात शाळांमध्ये वर्षानुवर्षं लिनक्सच आहे, दहावीची आयटीची परीक्षा मुलं त्यावरच देतात. त्या मुलांनी काय चोचले केले का? आपल्याकडे पुण्यात सीडॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था बसलीय, त्या सीडॅकचंच बॉस लिनक्स २००७ पासून आहे आणि आपल्या किती शाळांना नाव माहितीय. सर, तुम्हाला माहिती होतं का?

कृष्णाकाठ :

सगळ्यांचे मनापासून आभार. आणि खोडरबर ताई, नव्हतं माहिती, आमच्या लॅबमध्ये काय आहे ते पण उद्या बघतो, गेली दोन वर्षं तिला कुलूपच आहे.

तर दोन आठवड्यांचा हिशेब देतो. लॅमिंग्टनवाला दादांनी सांगितलं तसंच केलं, गावातल्या एका ओळखीच्या पोराकडून एसएसडी आणि कॅडी बसवून घेतली, तो पण म्हणाला सर हे भारी आहे, मी पण करणार. मिंट माझं मीच टाकलं. पंचवीस मिनिटं लागली, त्यातली दहा मी 'पुढे' बटन दाबायला घाबरत होतो. आधी चालू व्हायला चहा होऊन जायचा, आता गॅस पेटेपर्यंत उठतं.

बायको अजून विंडोजलाच आहे आणि राहणार, तिने स्पष्ट सांगितलं की मार्चएंड होईस्तोवर तिच्या विंडोजला हात लावायचा नाही. पण एक केलं, ते विंडोज आता नेटला जोडत नाही. ती टॅलीतून जीएसटीची फाईल काढते, मग मिंटमध्ये येऊन ब्राउझरमधून पोर्टलवर चढवते. दोन्ही दुकानं एकट्या मालकाची आहेत त्यामुळे टोकन लागत नाही, मालकाच्या मोबाईलवर ओटीपी येतो त्याने होतं. भाऊ, तुमचा टोकनचा इशारा वाचूनच आधी विचारून घेतलं, त्यामुळे तुमचे पण आभार, खरंच.

प्रश्नपत्रिकांचं ताईंनी सांगितलेलं तंतोतंत. 'वार्षिक' चं कन्व्हर्टरने 'वाषर्िक' करून ठेवलं होतं. नववी आणि दहावीच्या गेल्या तीन वर्षांच्या तेवढ्या बदलल्या, बाकी पीडीएफ. कगप वर बोटं बसायला लागलीत, फक्त 'ज्ञ' अजून शोधतोय.

फोनला हात लावलेला नाही. कीबोर्ड आणि नकाशा बदलला, दूधवाल्याचं वाचून पुढची हिंमत झाली नाही.

आता अडलंय ते प्रिंटरवर. तो लहान पांढरट लेझर प्रिंटर, झेरॉक्सच्या दर दुकानात असतो ना, तोच. मिंटला तो दिसतो, नाव बरोबर सांगतो, प्रिंट दिलं की 'पाठवलं' म्हणतो आणि प्रिंटर ढिम्म. परवा घटक चाचणी आहे, सध्या पीडीएफ करून परत विंडोजमध्ये जाऊन काढतोय. कोणी चालवलाय का?

लॅमिंग्टनवाला :

म्हटलं होतं ना लोक तिथेच रडतात. त्या प्रिंटरची भाषा कंपनीची खाजगी आहे, नेहमीचे ड्रायव्हर तिला कळत नाहीत. कॅप्ट ड्रायव्हर म्हणून एक आहे, लोकांनीच प्रिंटरचं बोलणं ऐकून ऐकून उलगडून लिहिलेला, तो टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाईप करायच्या खिडकीतून, बनवून बसवावा लागतो. सात-आठ ओळी आहेत, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो, जशाच्या तशा चिकटवा. घाई करू नका, चाचणी विंडोजवरूनच काढा, मग रविवारी बसा.

कृष्णाकाठ :

रविवारी बसलो. पहिलं पान कोरं आलं, दुसऱ्यावर इयत्ता नववी, विषय मराठी, गुण २०, सगळं जागच्या जागी. बायको म्हणाली कोरं का आलं ते विचारा, शाई संपवतोय का म्हणून.